जमल्यास येतो

आप्पांना कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. एवढ्यावर कुणाचं व्यक्तिचित्र होत नाही. निम्म्या महाराष्ट्राला ते म्हणता येत नाही आणि त्यातूनच आपल्या पतसंस्थांच्या जामीनदारांच्या याद्या तयार झाल्या आहेत. आप्पांचं वेगळेपण असं की त्यांना 'हो'ही म्हणता येत नाही.

डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहतात. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. काकू शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्याही आता घरीच असतात. माणूस म्हणाल तर सोनं. आजारपणात रात्री-बेरात्री आधी धावून येणारे आप्पाच, कारण तिथे आधी कुणी विचारत नाही. विचारलं की घोटाळा होतो. "आप्पा, रविवारी आहात ना?" एवढा निरुपद्रवी प्रश्न घातला तरी ते चष्मा काढून पुसायला लागतात.

त्यांच्या उत्तरांच्या प्रती इमारतीला पाठ आहेत. नुसतं 'बघू' म्हणाले की येणार नाहीत. 'बघू हं' म्हणाले तर काकू येतील. 'जमल्यास येतो' म्हणजे येतील, पण पंगत उठल्यावर. आणि 'नक्की बघतो' असं हातात हात घेऊन म्हणाले, तर दोघंही येत नाहीत, पण अहेराचं पाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी घरपोच येतं. लग्नघरात पानांचा आकडा केटररला दोन-तीन दिवस आधी द्यावा लागतो. आमच्या इमारतीतल्या कार्यांत आप्पांच्या घराचं दीड पान धरतात. केटररलाही आता त्याचं काही वाटत नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे काकूंनी बॉलपेनने मांडलेले, आणि बाकीच्या सगळ्या नोंदी आप्पांच्या, शिसपेन्सिलीत. 'ठाणे - मुंज?', 'दाताचे डॉक्टर?', 'पेन्शन हयात दाखला?' हयातीच्या दाखल्यापुढेही प्रश्नचिन्ह टाकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एका वर्षी तर छापील लक्ष्मीपूजनापुढे बारीक अक्षरात 'बहुतेक' लिहिलेलं होतं.

आप्पांचं खरं दैवत भारतीय रेल्वे. गणपतीला कोकणात गावी जायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्याकडे आषाढात निघतो. पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. आप्पा म्हणायचे, चार महिन्यांनी मी असेन-नसेन, सरकारला कसं सांगू? 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेने ही मुदत 60 दिवसांवर आणली तेव्हा आप्पांना आपलं म्हणणं मंत्रालयापर्यंत पोचल्यासारखं वाटलं. पण साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता कोकणातल्या गाड्या भरत होत्या तेव्हा ते गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. "साठ म्हणजेसुद्धा लांबच की. तत्काळ आहे ना!" तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलितचं दहाला आणि बाकीचं अकराला, आणि गणपतीच्या दिवसांत ते किती मिनिटं टिकतं हे दादर ते सावंतवाडी सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी त्यांना वेटिंग मिळतं. आप्पा त्याने हिरमुसत नाहीत, उलट खुलतात. कारण ही त्यांच्या प्रकृतीची अवस्था: जाणार असंही नाही, नाही जाणार असंही नाही, आणि दोष आपला नाही. बॅग भरलेली, पण चेन उघडी. दर तासाला ते पीएनआर बघतात आणि 'अठ्ठावीसवरून एकवीस' असं जिन्यात भेटेल त्याला सांगतात. नशिबाने आरएसी झालं तर काही विचारूच नका. गाडीत चढता येतं, बसता येतं, पण बाजूचा खालचा बर्थ दोघांत वाटलेला. म्हणजे प्रवास कबूल, झोप विचाराधीन. रेल्वेच्या कुणा अधिकाऱ्याने हा प्रकार आप्पांना भेटल्यावरच काढला असावा.

निवडणुकीचंही तसंच. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मतदानयंत्रावर नोटाचं बटण आलं. तुमची सोय झाली, असं आम्ही आप्पांना म्हणालो. ते खिन्नपणे म्हणाले, "ते तरी दाबावंच लागतं ना."

आता यावर कुणी म्हणेल की माणूस आळशी आहे किंवा भित्रा आहे. दोन्ही नाही. आप्पांची हयात दुसऱ्यांच्या सह्या घेण्यात गेली. वचनचिठ्ठी, हमीपत्र, गहाणखत. "इथे सही करा, इथे, आणि इथे मागच्या बाजूला." सही करताना हसत बोलणारी माणसं त्यांनी पाहिली आणि तीच माणसं तीन वर्षांनी काउंटरसमोर मान खाली घालून उभी असलेलीही पाहिली. मित्रासाठी जामीन राहिलेल्या एका शिक्षकाच्या पगारातून हप्ते कापून घेण्याची पत्रं आप्पांनी स्वतः काढली आहेत. तेव्हापासून 'हो' म्हणायची वेळ आली की त्यांना त्या शब्दाच्या मागची बाजू दिसते. म्हणून प्रत्येक हिशेबात ते एक हातचा राखतात. गणित संपतं, उत्तर येतं, तरी यांचा हातचा हातातच.

गंमत अशी की त्या राखलेल्या हातच्याचं सुख त्यांना कधी मिळालेलं नाही. कपड्यांच्या दुकानात 'आठ दिवसांत बदलून मिळेल' असं लिहिलेलं असल्याशिवाय आप्पा पायरी चढत नाहीत. शर्ट आणला की त्याची पावती, टाचण्या आणि कॉलरमधली प्लॅस्टिकची पट्टी कपाटात जपून ठेवायची. शर्ट घालायचा, पण लेबल आतून तसंच. आणि ते आठ दिवस रोज आरशासमोर: "निळा घ्यायला हवा होता का?" आठवा दिवस गेला की म्हणायचं, गेली संधी. त्यांचा आवडता कपडा विचाराल, तर मेव्हण्याने नैनितालहून आणलेला एक भडक मरून स्वेटर. तो परत करायला नैनितालला कोण जाणार? तो त्यांनी पहिल्या दिवसापासून आपला म्हटला आणि कोपरं विरेपर्यंत वापरला.

डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या दोघा मानसशास्त्रज्ञांचा 2002 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग नेमका हाच. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना त्यांनी छायाचित्रण शिकवलं आणि स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून घ्यायला सांगितलं. काहींना म्हणाले, मन बदललं तर पुढे बदलून घ्या. काहींना म्हणाले, आत्ता दिलं ते गेलं. ज्यांना बदलायची मुभा होती त्यांना आपलं छायाचित्र कमी आवडलं. हे मी आप्पांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण ज्यांना मुभा नव्हती, त्यांनी आधी नीट विचार केला होता का, ते बघायला हवं."

मग अशा माणसाचं लग्न झालं कसं? हा प्रश्न नव्या भाडेकरूंनाही पडतो. पाहण्याचा कार्यक्रम झाला, कांदेपोहे झाले, आप्पा 'कळवतो' म्हणून निघाले आणि तीन महिने त्यांनी कळवलं नाही. शेवटी काकूंचे वडील तडक आप्पांच्या वडिलांकडे गेले आणि दोघांनी सुपारी फोडून टाकली. तारीख आप्पांना छापखान्यातून आलेल्या पत्रिकेच्या प्रुफावर कळली. त्यांनी त्यावर एक शुद्धलेखनाची चूक काढली, तीच संमती धरली गेली. 'शुभमंगल सावधान' ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून पळाले, असं परंपरा सांगते. आप्पा सांगतात, "सावधान मीही झालो होतो. पण समर्थांच्या काळी मेव्हणीने चपला लपवायची पद्धत नसावी."

या विषयावर आप्पांचा आधार डार्विन. लग्न करावं की करू नये, याची डार्विनने 1838 साली कागदावर दोन रकान्यांत यादी केली होती. आप्पांना ही गोष्ट कळली तेव्हापासून त्यांना एकटं वाटत नाही. "शिवाय उत्क्रांतीचा सिद्धांत हातात असताना वीस वर्षं छापला नाही त्याने. याला म्हणतात विचार!" हे वाक्य आप्पा पाहुण्यांसमोर म्हणतात, कारण पाहुण्यांसमोर काकू उत्तर देणार नाहीत असं त्यांना वाटतं. काकू देतात. "यादी केली आणि पुढच्या जानेवारीत एमाशी लग्न करून मोकळा झाला तो. दहा मुलं झाली. आणि वीस वर्षं थांबला खरा, पण 1858 साली वॉलेसचं पत्र आलं, त्यात तोच सिद्धांत बघितला, आणि दीड वर्षाच्या आत पुस्तक बाजारात. तुमचा वॉलेस कधी येणार ते सांगा."

वॉलेस आला, तो पुनर्विकासाच्या रूपाने.

आमची इमारत जुनी. स्लॅबचे पोपडे पडतात, टाकी गळते, लिफ्ट नाही आणि सभासदांचे गुडघे संपलेले. गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला पूर्वी तीन चतुर्थांश सभासदांची संमती लागायची. जुलै 2019 च्या शासन निर्णयाने ती 51 टक्क्यांवर आली. आम्ही वीस सभासद, म्हणजे अकरा हात हवेत. विशेष सभा भरली. अशा सभेचं चित्रीकरण करावं लागतं, म्हणून लग्नांचे व्हिडिओ काढणारा एक पोरगा बोलावलेला. हजर पंधरा. दहा हात वर गेले. चौघांचा ठाम विरोध: दोघांना चटई क्षेत्र वाढवून हवं होतं आणि दोघांचं एकमेकांशी वाकडं होतं. राहिले आप्पा. कॅमेरा त्यांच्याकडे वळला.

"आप्पा, तुमचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा विरोध नाही."

"म्हणजे संमती लिहितो."

"विरोध नाही एवढंच म्हटलं मी."

"अहो, मग संमतीच झाली ना!"

"घाई करू नका. विरोध नसणं हा एक भाग झाला. संमती असणं हा दुसरा."

"काका," कॅमेऱ्यामागून पोरगा म्हणाला, "हात वर की खाली तेवढं करा. बॅटरी चाललीय."

आप्पांचा हात उठला. खांद्यापर्यंत आला. सगळ्यांनी श्वास धरले. हाताने कान खाजवला आणि तो परत गुडघ्यावर जाऊन बसला. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं: 'तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी विषय ऐकून घेतला.' सभा तहकूब. त्याच आठवड्यात आप्पांच्या न्हाणीघरात हातभर प्लास्टर कोसळलं. आप्पा ते सुपात भरताना म्हणाले, "पावसाळा जाऊ दे, मग बघू."

त्यानंतर त्यांच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींना त्या सकाळी आणखी दोन घरं करायची होती. संकल्प सुरू झाला. ऐकणारा कंटाळतो, पण संकल्पाची मांडणी लक्ष देऊन ऐकावी: कुठला कल्प, कुठलं मन्वंतर, इथपासून सुरुवात, मग भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा कुठला तीर, शक, संवत्सर, ऋतू, महिना, तिथी, वार, मग गोत्र आणि नाव, आणि सगळ्यांच्या शेवटी, मी हे करीन. मग तळहातावरचं पाणी ताम्हणात सोडायचं. गुरुजी म्हणाले, "म्हणा, करिष्ये. सोडा पाणी."

आप्पांनी तळहात आवळला. "गुरुजी, नक्की काय काय करायचं कबूल करतोय, ते आधी मराठीत सांगाल का?"

"पूजा, आप्पा. पूजा. पाट मांडलाय, प्रसाद झालाय."

"तरी पण."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. बोटांच्या फटीतून पाणी आपोआप ठिबकून ताम्हणात पडलं. "झाला संकल्प!" म्हणून गुरुजी कलशाकडे वळले.

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 च्या एका लेखात मांडलं की 'मी अमुक करणार' असं नुसतं ठरवण्यापेक्षा कधी, कुठे आणि कसं करणार हे आधी बांधून टाकलं, तर ते हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते. गुरुजी दर सत्यनारायणाला हेच करतात. लगेच छाती फुगवायला नको. आपण तेवढ्या वेळात मोबाइल शोधत असतो. पण काकू तो संकल्प नीट ऐकत होत्या. प्रसाद वाटताना त्या मला म्हणाल्या, "यांना काम जड जात नाही रे. 'कायम' हे जड जातं. कुठल्याही गोष्टीला हो म्हटलं की हे समजतात, आता मरेपर्यंत सुटका नाही. तारीख संपणारी असली तर करतील."

आणि संपणाऱ्या तारखेची सोय आपल्याकडे केव्हाची आहे: चातुर्मास. आषाढी एकादशीला नेम धरायचा आणि कार्तिकी झाली की उद्यापन करून सोडायचा. आप्पांच्या आईने कधी कांदा-लसूण सोडला, कधी जेवताना मौन धरलं, एका वर्षी तर पानात वाढलेलं नावाजायचं नाही असा नेम धरून सुनेला रडवलं. चार महिन्यांनी सगळं मोकळं. त्या पिढीतल्या बायकांना माणसाच्या मनाचं बळ किती दिवस टिकतं याचा अंदाज पक्का होता.

आषाढीच्या सकाळी काकूंनी आप्पांना नेम दिला. कुणीही काहीही विचारलं तर दिवेलागणीच्या आत उत्तर द्यायचं. हो किंवा नाही. तिसरा शब्द नाही. कार्तिकीला सुटका. आप्पा चष्मा पुसत म्हणाले, "विचार करून..." तोवर काकू जिना उतरून तळमजल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी पुतण्याचा फोन. बदलापूरला वास्तुशांत आहे, यायचं हं काका.

"येत नाही," आप्पा म्हणाले.

पलीकडे शांतता. "बरं नाही का काका?"

"बरा आहे. येत नाही."

संध्याकाळी पुतण्या सफरचंदं घेऊन हजर. त्याने दारातच काकूंना हळू विचारलं, "आमचं काही चुकलं का?" मग आठवडाभर असंच. भजनी मंडळाला नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीला नाही. कुणाच्या तरी पुस्तक प्रकाशनाला चक्क नाही. एकदा लागलेली गोडी आप्पांना सुटेना; फोन वाजला की ते उत्साहाने उठायचे. मंडळी मात्र दुखावली. आप्पा हल्ली तुटक वागतात, पेन्शन वाढल्याचा माज, तब्येतीचं काही लपवतायत, अशा तीन वदंता तीन मजल्यांवर फिरल्या. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी काकूंना म्हणाल्या, "त्यांचं ते 'बघू'च बरं होतं हो."

इथे मला वाटतं की आपण सगळे आप्पांवर थोडा अन्याय करत होतो. त्यांचं 'जमल्यास' आपल्यालाच हवं असतं. बोलावणाऱ्याला बोलावल्याचं पुण्य मिळतं, न येणाऱ्याला वाईटपणा येत नाही, आणि दीड पानाचा खर्च दोघांत कुणाच्याच लक्षात येत नाही. सरळ 'नाही' ऐकायची सवय आपल्या कानांना नाही. मग माणसाने ते म्हणायला शिकावं तरी कुठे?

श्रावणात सेक्रेटरींनी डाव साधला. संध्याकाळी साडेपाचला ते संमतीपत्र आणि करारनाम्याचा मसुदा घेऊन आप्पांच्या दारात उभे राहिले. दिवेलागणीला दीड तास. आप्पांनी मसुदा घेतला आणि आतल्या खोलीचं दार लावलं. काकूंनी चहा ठेवला. साडेसहाला आप्पा बाहेर आले तेव्हा मसुद्याच्या समासात बारीक अक्षरांत नोंदी होत्या, आणि त्या पेन्सिलीत नव्हत्या. विकासक देणार असलेल्या बँक हमीची मुदत कुठेच लिहिलेली नव्हती. पर्यायी घराचं भाडं बांधकाम रखडलं तर कुठवर मिळणार, याचा उल्लेख नव्हता. 'अंदाजे' हा शब्द क्षेत्रफळाच्या अलीकडे तीन ठिकाणी होता. दहा जणांनी हे वाचून, म्हणजे न वाचता, हात वर केला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या घेतलेल्या माणसाला जे पहिल्या वाचनात दिसलं, ते त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण तो कुठल्याच बाजूला नव्हता.

"हे तिन्ही दुरुस्त करून आणा," आप्पा म्हणाले, "आणि माझी संमती लिहा."

सेक्रेटरींनी घाईने विचारलं, "म्हणजे विरोध नाही, असं?"

"संमती म्हटलं मी. ऐकू येत नाही का?"

दुरुस्त्या व्हायला भाद्रपद उजाडला. अकरावी सही झाली, मग विरोधातल्या चौघांपैकी तिघांनीही केली. त्यांना त्या तीन दुरुस्त्या पटल्या. वाकडं असलेल्यांपैकी एक अजून बाकी आहे.

कार्तिकी झाली, द्वादशीला उद्यापन झालं. काकूंनी मेहूण जेवायला घातलं, पुरणपोळी केली. आप्पा मोकळे झाले आणि दुसऱ्या दिवशी बदलापूरला बारशाचं बोलावणं आलं तेव्हा 'बघू हं' म्हणाले. पुतण्याचा जीव भांड्यात पडला. पूर्ण बरा झालेला माणूस कुणाला दाखवायचा असेल तर आप्पा उपयोगाचे नाहीत. पण जिथे आपल्या अडकण्याने दुसऱ्याचं काम अडकतं, तिथे ते आता त्याच दिवशी सांगतात. कालनिर्णयावरही निम्म्या नोंदी शाईत आल्या आहेत. हयातीचा दाखला अजून पेन्सिलीतच आहे.

आमच्या घरचं कार्य मार्गशीर्षात आहे. आप्पांनी पत्रिका मिळाल्या दिवशीच फोन करून पूर्ण दोन पानं सांगितली. केटररला आकडा सोमवारी रात्री द्यायचा आहे. ज्यांच्याकडे पत्रिका पोचल्या आहेत त्या बाकीच्यांनी कृपया तोवर कळवावं. येणार नसलात तर रागावणार नाही, पण 'येत नाही' असं म्हणा.